हायकू लिहिणाऱ्या मुलीस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले हायकू वाचले. तीन चरणांत पाच-सात-पाच अक्षरे जुळवण्यासाठी घेतलेले कष्ट ओळीओळीत दिसतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. जपानी कवी मोजतात ते आपले अक्षर नव्हे. त्यांचे एकक आपल्या मात्रेच्या अधिक जवळचे आहे. दीर्घ स्वराची ते दोन एकके धरतात, त्यामुळे आपण दोन अक्षरांत संपवतो ते ‘तोक्यो’ त्यांच्या हिशेबात चार भरते. मग मराठीत सतराचा आकडा गाठण्यासाठी भरीचे शब्द कशाला घालायचे?

मोजणीपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन आहेत: ऋतू आणि छेद, म्हणजे वाचकाला मध्येच थांबवणारा खंड. सतराव्या शतकातल्या बाशो या जपानी कवीच्या काळी अनेक कवी एकत्र बसून साखळीकाव्य गुंफत आणि हे तीन चरण म्हणजे त्या साखळीची पहिली कडी असे. मंडळी ज्या ऋतूत जमली असतील त्याचा उल्लेख तीत करण्याचा रिवाज होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवी मासाओका शिकीने तिला स्वतंत्र कविता मानून ‘हायकू’ हे नाव रूढ केले, तरी ऋतुसूचक शब्द टिकला. तिकडे अशा शब्दांचे कोशच असतात. नुसता ‘चंद्र’ म्हटला की तो शरदातला, नुसते ‘फूल’ म्हटले की ते वसंतातले चेरीचे.

छेद समजण्यासाठी बाशोचा १६८६ सालचा प्रसिद्ध हायकू पाहा: जुने तळे, बेडूक उडी घेतो, पाण्याचा आवाज. मुळात ‘फुरुइके’, म्हणजे जुने तळे, या शब्दानंतर ‘या’ हा नुसता उद्गार येतो आणि तिथे वाचकाला थांबावे लागते. त्याच्या एका शिष्याने लिहून ठेवले आहे की बेडकाच्या ओळी आधी सुचल्या होत्या आणि पहिल्या चरणासाठी किकाकू या दुसऱ्या शिष्याने यामाबुकीची पिवळी फुले सुचवली होती. सूचना परंपरेला धरूनच होती, कारण जुन्या काव्यात बेडूक त्या फुलांजवळ गात असे. बाशोने मात्र साधे तळे ठेवले आणि बेडकाला गाऊ दिले नाही. माझ्या मते हायकूचे सगळे शिक्षण या एका निवडीत आहे.

आता तुझे ‘वळीव आला / खिडकीत भिजली / वही उदास’ घे. वळीव हा शब्द उत्तम, उन्हाळ्याची अखेर त्यातच आली, ‘आला’ भरीचे. परंतु वही उदास नसते, उदास तू होतीस, आणि ते सांगून टाकल्यावर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. इस्सा या जपानी कवीचे नाव काढून तू वाद घालशील हे मला ठाऊक आहे. १८१९ साली त्याची चिमुरडी देवीच्या रोगाने गेली, तेव्हा त्याने लिहिले की हे दवाचे जग दवाचेच आहे, आणि तरीही, तरीही. तो उघड बोलतो हे खरे, परंतु त्यानेही दुःखाचे नाव घेतलेले नाही.

यमकाचा आग्रह धरू नकोस. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तेव्हापासून आपल्याकडे यमक बहुधा असते, जपानीत ते नसते; सहज आले तर राहू दे. तेवढा वहीचा हायकू पुन्हा लिही, आणि ‘उदास’ खोडून त्या जागी शाईचे काय झाले ते सांग.

तुझे,
बाबा