निर्णयांमागचे ‘का’ लिहून ठेवणाऱ्या आमच्या टीम लीडना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आता दुसऱ्या विभागाची जबाबदारी घेतली आहे, आणि निरोपाच्या ऑनलाइन बैठकीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली. माझे आभार तेवढ्यात मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण प्रत्यक्ष न भेटता वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या इतर टीमनाही तुम्ही नेमके काय केले हे कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्या टीममध्ये आले तेव्हा घरून काम करणे मला नवीन नव्हते. आधीच्या ठिकाणीही काम वेळेवर पूर्ण होत होते, परंतु निर्णय तयार होऊनच माझ्यापर्यंत पोहोचायचे. ते कोणी घेतले, कोणते पर्याय नाकारून घेतले, हे कळायला काही मार्ग नसायचा. कार्यालयात अशा गोष्टी शेजारच्या टेबलावरचे बोलणे कानावर पडून आपोआप समजतात. रिमोट टीममध्ये आपोआप कानावर काही पडत नाही, कोणीतरी आठवणीने सांगितले तरच कळते. अशा स्थितीत माणूस हळूहळू केवळ सोपवलेले काम उरकू लागतो, त्याला विचारावेसे आणि सुचवावेसे वाटेनासे होते, आणि मग त्याचा उत्साह कमी झाला असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एका सामायिक डॉक्युमेंटची लिंक पाठवली होती. टीमच्या निर्णयांची ती नोंदवही होती. प्रत्येक नोंदीत प्रश्न काय होता, कोणते पर्याय समोर होते, त्यांतला एक का निवडला, कोणाचा त्याला विरोध होता व कोणत्या कारणासाठी, आणि हा निर्णय पुन्हा केव्हा तपासायचा, एवढे लिहिलेले असे. मी ती वही सुरुवातीपासून वाचून काढली, आणि ज्या चर्चांच्या वेळी मी टीममध्ये नव्हते त्या चर्चांमध्येही मला सहभागी झाल्यासारखे वाटले. विरोधाची नोंद नावासह आणि आदराने केलेली असे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले म्हणणे मान्य झाले नाही तरी ते लिहिले गेले आहे आणि वेळ आल्यावर पुन्हा वाचले जाणार आहे, हे ठाऊक असले की माणूस पुढच्या वेळी पुन्हा बोलतो. एका जुन्या निर्णयावर मी शंका विचारली, तेव्हा तुम्ही खाजगी उत्तर न देता त्याच नोंदीखाली सविस्तर लिहिले, आणि काही दिवसांनी तो निर्णय बदललाही. त्या दिवसापासून ही टीम मला माझी वाटू लागली.

ही वही चालवायला किती कष्ट पडतात, हे आता ती आमच्याकडे आल्यावर समजते आहे. कॉल संपल्यावर सगळे आपापल्या कामाला लागतात, तेव्हा कोणीतरी मागे थांबून झालेले बोलणे चार स्वच्छ वाक्यांत उतरवावे लागते. ते काम कोणाच्याही उद्दिष्टांच्या यादीत नव्हते. तुम्ही ते सातत्याने केलेत.

दुसरी गोष्ट श्रेयाची. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. मात्र तेवढीच कामगिरी असूनही, कार्यालयात बसणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले होते. पहिला आकडा पुष्कळांना पाठ असतो, दुसऱ्या निष्कर्षाकडे फारसे कोणी पाहत नाही. तुमची दृष्टी मात्र नेमकी तिथे होती. वरिष्ठांकडे जाणाऱ्या प्रत्येक अहवालात तुम्ही कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहीत होता, आणि ज्याचे काम त्यानेच ते सादर करावे असा तुमचा आग्रह असे. बैठकांमध्ये कमी बोलणाऱ्या सहकाऱ्यांचे काम त्यामुळे दिसू लागले, आणि दिसणारे काम करताना माणसाला जी उभारी येते ती मी स्वतः अनुभवली आहे.

कळफलकाचे ठोके आणि माउसची हालचाल मोजणारे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तुम्ही लेखी विरोध नोंदवलात आणि काम काय पूर्ण झाले यावरूनच पारख व्हावी असे कारणांसह मांडलेत. त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. आपण हजर असल्याचे दाखवणारा चॅटवरचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून स्क्रीनसमोर बसून राहण्यात जी शक्ती खर्च होते, ती कामातूनच वजा होते. त्याऐवजी आपण साधे नियम लेखी ठरवले: चॅटवरील प्रश्नाला दिवसभरात उत्तर द्यावे, खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याचे तास मोजकेच असावेत, आणि वेगवेगळ्या टाइम झोनमुळे कोणाला गैरसोयीच्या वेळी बैठकीला बसावे लागणारच असेल तर ती पाळी सर्वांवर आलटून पालटून यावी. या नियमांमुळे सलग, निवांत काम करण्याचे तास मला परत मिळाले.

बैठकांविषयी थोडक्यातच लिहिते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत जवळून नजरेला नजर भिडणे, स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणे आणि एका जागी जखडले जाणे यांचा समावेश होता. ती मी वाचण्यापूर्वीच तुमच्या बैठकांमध्ये कॅमेरा ऐच्छिक होता, आणि आपले दोघींचे साप्ताहिक बोलणे चालता चालता, फक्त आवाजावर होत असे.

त्या साप्ताहिक बोलण्यात तुम्ही काम कुठवर आले हे कधी विचारले नाही, कारण ते आधीच लिहिलेले असे. कुठे अडले आहे, कोणती गोष्ट अजून समजलेली नाही, आणि कोणाशी ओळख करून दिली तर उपयोग होईल, असे तुमचे प्रश्न असत. यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे मोल मला उशिरा कळले. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्वजण घरून काम करू लागल्यावर निरनिराळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले आणि माणसे आपापल्या गटातच अधिक गुंतून राहिली, असे त्यात आढळले होते. असे दुवे तुम्ही एकेक करून जोडत होता. चाचणी विभागातील ज्या सहकाऱ्याशी तुम्ही माझी गाठ घालून दिली, त्यांच्यासोबत मी आजही आठवड्यातून एकदा कॉल चालू ठेवून काम करते. आम्ही फारसे बोलत नाही, पण अडचण आली की विचारायला समोर माणूस असतो, आणि एकट्याने रेंगाळणारे काम त्या वेळेत पुढे सरकते.

नोंदवही आम्ही चालू ठेवली आहे. नोंद करण्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि विरोधाचा रकाना रिकामा राहिला तर काही सुटले आहे का, हे आम्ही पुन्हा विचारून घेतो. तुमच्या साप्ताहिक प्रश्नांची यादी नव्याने टीम सांभाळणाऱ्या इतर सहकाऱ्यांना तुमच्या नावाने पाठवावी असा विचार आहे. त्याला तुमची संमती असेल तर कृपया कळवावे.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
टीममधील एक सहकारी