डॉक्टरबाई, सरांना चालतं ठेवल्याबद्दल

प्रिय डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

आमचे हे, म्हणजे तुझे सर, प्रभूत निजले त्यानंतर तू भेटायला आलीस, तेव्हा घर माणसांनी गच्च भरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देता देता तुझ्याशी धड बोलणंही झालं नाही. एकटीला गाठून आभार मानले तर 'काकू, काहीतरीच काय' म्हणून तू विषय बदलशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून चारचौघांत लिहिते, की घरी येऊन सरांना व्यायाम देणारी फिजिओ ती तू. ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाल मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, माणूस आहे त्यांच्याही नजरेस हे पडावं, असं मनात आहे. कारण 'आता ह्या वयात व्यायाम करून काय होणार' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की विचारू नकोस.

तुला सर भेटले ते आजारी. त्याआधीचा माणूस तू पाहिला नाहीस. मिशनच्या शाळेत मराठीचे मास्तर. नगरचा अभिमान असा, की व्याकरणाचा तास असला तरी नव्या वर्गाला आधी इतिहास ऐकावा लागे: 1831 साली अमेरिकन मराठी मिशन इथं आलं, 1842 साली 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक इथूनच निघालं, आणि फॅरारबाईंची मुलींची शाळा इथली, जी बघून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं. मग संधी-समास. चर्चच्या मंडळीच्या सूचनाफलकावर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की खिशातून लाल पेन बाहेर. पाळकसाहेबांच्या हस्ताक्षरालाही त्यातून सूट नव्हती.

त्यांची भक्ती गाजावाजाची नव्हती. पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, आणि मग मला चहा करून द्यायचा. हा चहासुद्धा मी त्यांच्या भक्तीतच धरते. रेव्हरंड टिळकांची भजनं तोंडपाठ. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला कवी ख्रिस्ताला अभंगात आळवतो, ह्याचं त्यांना भारी अप्रूप होतं. तरुण मंडळींनी गिटार आणि कीबोर्ड आणला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आणा, पण टाळ काढू नका." टाळ स्वतः वाजवायचे. पुढं त्याचाच उपयोग झाला.

आजार पहिल्यांदा दिसला तो मंडळीच्या इतिवृत्ताच्या वहीत. सर कमिटीचे सेक्रेटरी होते. फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर. ते पानाच्या वरच्या ओळीला ठीक, आणि खाली येईपर्यंत मुंगीएवढं. चष्म्याचा नंबर बदलून झाला. मग उजवा खांदा धरला, त्यावर शेक झाले. हात थरथरत नव्हता, त्यामुळं पार्किन्सन्स कुणाच्या डोक्यातच आला नाही. 1817 साली लंडनच्या डॉक्टर पार्किन्सननी ह्या रोगावर लिहिलं तेव्हा नावातच कंप घातला, पण कंप नसलेलाही पार्किन्सन्स असतो, हे आम्हाला मेंदूच्या डॉक्टरांकडं पोचल्यावर कळलं. मेंदूतल्या, हालचालीला लागणारं डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, गोळ्यांनी काम चालतं, पण रोग पुढं सरकत राहतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी उपासनेला जाता येईल ना?"

त्याच सुमारास एक प्रचारक घरी आले. प्रार्थनेनं रोग बरे करायच्या आरोग्यसभेला चला म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले की विश्वास पुरा असता तर एव्हाना बरे झाला असतात. माझ्या अंगाची लाही झाली. सरांनी हळू आवाजात विचारलं, "पौलाच्या शरीरात काटा होता. त्यानं तीनदा मागणं केलं. काटा निघाला नाही, उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?" पाहुणे चहा न घेताच उठले.

तू आलीस तेव्हा सर दारात अडकायला लागले होते. बैठकीतून पॅसेजमध्ये जायचं, आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी हाताला धरून ओढायची, ते पुढं कोसळायला बघायचे. पहिल्याच दिवशी तू मला सांगितलंस, "काकू, ओढू नका. थांबू द्या. पाय उचलायला काहीतरी निमित्त द्या." मग बॅगेतून पिवळी चिकटपट्टी काढून माझ्या पुसलेल्या फरशीवर फूट-फूटभर अंतरानं आडव्या पट्ट्या मारल्यास. आणि अडकलेला माणूस त्या पट्ट्या ओलांडत चालत गेला! डोळ्यांना रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलायला लावतो, असं तू समजावलंस. मला तेवढं पुरलं.

पण देवळात पट्ट्या कुठं मारणार? तेव्हा तू सरांना विचारलंस, "तुम्हाला गाणं कुठलं येतं?" ह्या प्रश्नासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. तोवर आमच्याकडं येणाऱ्या वैद्यकीय माणसांपैकी कुणी त्यांना काय येतं हे विचारलंच नव्हतं. काय येत नाही ह्याचीच यादी चालायची. सरांनी भजन धरलं, तू टाळ्यांनी ठेका धरलास, आणि समेवर पाऊल पडलं. तुला त्या भजनातला एक शब्द माहीत नव्हता. पुढच्या आठवड्यात तू अख्खं कडवं पाठ करून आलीस, तेही चुकीच्या चालीत, आणि सरांनी तुझी चाल दुरुस्त करण्यात अर्धा तास घालवला. व्यायाम तसाच राहिला. पण आजारानं बारीक झालेला त्यांचा आवाज त्या दिवशी मला मागच्या ओट्यापर्यंत ऐकू आला. तेही तू लगेच पकडलंस: रोज तेविसावं स्तोत्र एवढ्या मोठ्यानं वाचायचं, की काकूंना स्वयंपाकघरातून 'आमेन' म्हणता आलं पाहिजे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' पुटपुटल्यासारखं निघालं, तर मी मुद्दाम गप्प बसायची.

रविवारचं गणित तर आपण तिघांनी मिळून बसवलं. उपासना साडेनऊची, म्हणून गोळी साडेआठला. प्रथिनं गोळीच्या आड येतात, म्हणून सकाळचं अंडं बंद, ते दुपारी. चर्चमध्ये शिरताना पाय मोकळे असायचे. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं की मात्र गोळीचा असर उतरायचा आणि सरांचा चेहरा थिजायचा. बोलणारे ह्याला प्रवचनाची गोडी समजत असावेत.

सगळ्यात अवघड होतं प्रभुभोजन. सरांचा हट्ट होता की भाकर आणि द्राक्षारस मेजापाशी जाऊनच घ्यायचा, पाळकांनी बाकापाशी आणून द्यायचा नाही. तू त्यांना आजारी माणसाचा हट्ट म्हणून समजावत बसली नाहीस. आमच्या जेवणाच्या टेबलाला प्रभूचं मेज केलंस. औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात कोकम सरबत ओतायचं, दोन्ही कोपर टेकवायची, पेला ओठांशी न्यायचा, हनुवटी छातीकडं, मग गिळायचं. मान वर करून गिळलं तर श्वासनलिकेत जायची भीती. नंतर परत फिरताना जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही. रिक्षा चौकात वळते तसा मोठा गोल घ्यायचा. सदऱ्यांवर इतके लाल डाग पडले की धुवून धुवून मी कंटाळले. पण पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, ते माझ्या हाताला धरून, ओठात भजन घोळवत पुढं गेले, प्याले, आणि मोठा गोल घेऊन परत आले. पेल्यातला एक थेंब सांडला नाही. तू मागच्या बाकावर बसली होतीस. ह्यांनी तुझ्याकडं पाहून मास्तरासारखी मान हलवली. तेवढी शाबासकी वर्गात क्वचितच कुणाला मिळाली असेल.

शेवटचं वर्ष वाईट गेलं, त्यावर फार लिहीत नाही. एकच सांगते. त्यांना पलंगाच्या पायथ्याशी मुलं दिसायला लागली. रोज संध्याकाळी ते त्यांची हजेरी घ्यायचे. शेजारच्या एकीनं 'बाहेरचं काही असेल' म्हणून माझ्या डोक्यात भरवलं आणि मी रात्र रात्र दिवा विझवेना. तू न हसता सांगितलंस, की ह्या आजारात आणि त्यावरच्या औषधांनीसुद्धा असे भास होतात, मेंदूच्या डॉक्टरांना आजच फोन करा, आणि सरांशी वाद घालू नका. डॉक्टरांनी औषध कमी केलं. मुलं पुरती गेली नाहीत, थोडी राहिली. मग हजेरी सुरू झाली की मी हळूच "हजर, सर" म्हणायची आणि ते झोपायचे.

न्युमोनियानं गेले. तू त्यांना बरं करशील असं तू कधी म्हणाली नाहीस, आणि खोटी आशा न देणारी माणसं फार थोडी भेटली आम्हाला. दफनाच्या वेळी तू ओळीत उभी राहून मूठभर माती दिलीस, तेव्हा आमच्या मंडळीतले लोक विचारत होते, ही कुणाची मुलगी.

शेवटच्या महिन्यांची फी तू घेतली नाहीस. ती मी पाकिटात घालून ठेवली आहे, कारण तिला गिऱ्हाईक सापडलंय. आमच्या गल्लीत एक मामा आहेत, त्यांनाही हाच आजार. मुलगा रिक्षा चालवतो, घरी येणारी फिजिओ त्याला परवडत नाही. परवा मामा दारात अडकले, तर मीच जाऊन पट्ट्या मारून आले. पट्ट्यांवरून चालतात. पण गाणं विचारलं तर भजन काही येत नाही म्हणाले, तमाशाच्या फडाच्या मागं हिंडलेला माणूस, लावण्या मात्र ढीगभर येतात. लावणीच्या ठेक्यावर पाऊल नीट पडेल का, की फार जलद होईल? ह्या आठवड्यात एकदा येऊन बघून जा. जेवायलाच ये.

तुझी,
काकू