खुलं पत्र : नाही म्हणा, पण माझा अर्ज आला होता एवढं तरी लिहा

मा. मंत्री महोदय यांस,
स.न.वि.वि.

पत्रात तुमचं नाव नाही, खात्याचंही नाही, ते मुद्दामच. तुम्हाला कळेल. जनता दरबारात हिरव्या फाईलवाला एक म्हातारा आला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "गुरुजी, पंधरा दिवसांत लेखी उत्तर घरी येईल, नाही आलं तर मला सांगा." तो मी. त्याला आता चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही, म्हणून सांगतोय.

नुसतं उत्तर आलं नाही म्हणून मी लिहायला बसलो नसतो, त्याची सवय झालीये. पण काल मी तुमच्या खात्याच्या जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो होतो. आमच्या गावाहून ५४ किलोमीटर, पहिली एसटी पकडून, गुडघ्याला पट्टा बांधून. खिडकीवरच्या मुलीनं आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या कागदांची नोंदवही उघडली, पानावर बोट फिरवत फिरवत चार महिने मागे गेली आणि म्हणाली, "आजोबा, असा अर्जच आलेला नाही." मी म्हटलं, अगं मंत्र्यांच्या हातात दिलाय. ती म्हणाली, हातात दिलेला इथं येत नाही, पोच आहे का? पोच कुठली असणार, तुमच्या पीएंनी सगळ्यांचे अर्ज घेतले, गठ्ठा केला, रबर लावला आणि गाडीत टाकला. तिची चूक नाही, पोरगी कंत्राटी आहे, तिनं मला पाणी पण दिलं. पण परत येताना एसटीत मला एकच वाटत राहिलं की मी तिथं गेलोच नव्हतो, तुम्ही काही बोललाच नव्हतात आणि माझी बायको ३१ वर्षं शाळेत शिकवत नव्हतीच.

विषय थोडक्यात सांगतो, तुमच्याकडे फाईल नाहीच आहे तर. माझी बायको प्राथमिक शिक्षिका होती, सगळं गाव तिला बाईच म्हणायचं. रिटायर झाली तेव्हा सेवापुस्तकात १९९४ ते १९९७ या तीन वर्षांच्या सेवा पडताळणीचा शेरा, म्हणजे त्या वर्षांत नोकरी केल्याची ऑफिसची खात्रीची नोंद, नाही असं निघालं. त्यामुळे पेन्शन केस अडकली, तात्पुरती पेन्शन सुरू झाली, "शेरा मिळाला की फायनल करू" म्हणाले. शेरा तिनं मारायचा नव्हता हो, तो ऑफिसनं मारायचा होता! ती तीन वर्षं ज्या वस्तीवरच्या शाळेत होती तिथं जायला नदी ओलांडावी लागायची, पावसाळ्यात ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात घेऊन जायची आणि हजेरीपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरायची. भिजू नये म्हणून. ते हजेरीपत्रक भिजलं नाही. सेवापुस्तकाचं पान मात्र कोरड्या कपाटातून गेलं. मागच्या वर्षी ती गेली. आता कुटुंब निवृत्तिवेतनाला परत तोच शेरा पाहिजे. मला माझी स्वतःची पेन्शन आहे, मी उपाशी नाही, हे स्वच्छ सांगतो. पण ते पैसे तिचे आहेत. या कामासाठी २६ महिन्यांत मी १९ हेलपाटे घातलेत, डायरीत तारखा आहेत, एसटीची तिकिटं पण ठेवलीत.

आता काल रात्री काय झालं ते सांगतो. तुम्हाला विषयांतर वाटेल, पण वाचा. झोप येईना. मी हायस्कूलला इतिहास शिकवला, एमएला अमेरिकेचा इतिहास घेतला होता, तो विषय माझा अजून सुटला नाही. अमेरिकेच्या सिनेटचं, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहाचं जुनं जर्नल त्यांच्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या लायब्ररीनं फुकट नेटवर टाकलंय, फोनवर दिसतं. जर्नल म्हणजे रोजचं कामकाज. सभा भरली, कालचं वाचून झालं, मग अमक्या सभासदानं अमक्या गावच्या लोकांचा अर्ज सादर केला, तो अमक्या कमिटीकडे दिला. पुढचा अर्ज. पुढचा. कुणाला युद्धातलं पेन्शन पाहिजे, कुणाचं सरकारकडे येणं राहिलंय. एकेका ओळीत एकेक माणूस. विधेयकं, भाषणं, पुढे इतिहासात गेलेली मोठमोठी नावं, ते सगळं नंतर. आधी लोकांचे कागद.

त्यातला एक दिवस मी वर्गात दरवर्षी सांगायचो. ९ मार्च १८३६. सिनेटमध्ये तेव्हा २४ राज्यांचे ४८ सभासद आणि उपाध्यक्ष व्हॅन ब्युरेन हे पदानं अध्यक्ष. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर लोकांनी एक अर्ज केला होता की राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यात तरी गुलामगिरी बंद करा. क्वेकर म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथ, साधी माणसं. बुकॅनन नावाच्या सिनेटरनं तो ११ जानेवारीला सादर केला. साऊथ कॅरोलिनाचा कॅल्हून उठला, गुलामगिरीचा कट्टर समर्थक. तो अर्ज नाकारा म्हणालाच नाही, तो म्हणाला हा अर्ज घेऊच नका. कागद दारातूनच परत पाठवा. आणि पुढचे दोन महिने परत परत तोच प्रश्न निघत राहिला, की हा कागद स्वीकारायचा का नाही. शेवटी ९ मार्चला मतदान झालं. स्वीकारा म्हणणारे ३६, नको म्हणणारे १०. आणि दोनच दिवसांनी, ११ मार्चला, त्याच सभागृहानं अर्जातली मागणी ३४ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली.

मुलं हसायची. सर, मग घेतला कशाला, फेटाळायचाच होता तर? मी म्हणायचो, बाळांनो, इथंच थांबा. बुकॅननला मागणी मान्य नव्हतीच, तो काही संत नव्हता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हाही गुलामांच्या बाजूनं उभा राहिला नाही. पण माणसानं कागद दिला तर तो घ्यायचा, वाचायचा आणि काय ते उत्तर द्यायचं, एवढं त्याला पटलेलं होतं. नाही म्हटलं तरी ते लिहून, कुणी कुणी म्हटलं त्यांच्या नावांसकट. ती नावं आज १९० वर्षांनी मी आमच्या ओट्यावर बसून फोनवर वाचतो.

पुढचं वर्गात घाईत सांगून व्हायचं, काल रात्री मात्र मी तिथंच अडकलो. त्यानंतर सिनेटनं एक युक्ती काढली. असा अर्ज आला की कुणीतरी हरकत घ्यायची, मग दुसऱ्यानं म्हणायचं, हा अर्ज स्वीकारायचा की नाही हा प्रश्नच टेबलावर ठेवू या. आपल्याकडे कागद पटलावर ठेवला म्हणजे तो रीतसर सभागृहापुढे आला, त्यांच्याकडे टेबलावर ठेवला म्हणजे बाजूला सारला, मेला. म्हणजे अर्ज घेतला पण नाही आणि नाकारला पण नाही. कुणाला जबाबदार धरायचं? कुणालाच नाही. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं. साहेब, हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला. माझ्या अर्जाचं तुम्ही दुसरं काय केलंत? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी कोर्टात गेलो असतो, अपिलात गेलो असतो, निदान तिच्या फोटोपुढे सांगितलं असतं की बाई, नाही म्हणाले. पण अर्जच आलेला नाही म्हटल्यावर मी कशाविरुद्ध अपील करू?

आणि त्यांच्या युक्तीतसुद्धा, अर्ज कुणी आणला, हरकत कुणी घेतली, मतं किती पडली, हे जर्नलात आहे हो. गुलामगिरी टिकवायला बसलेली माणसंसुद्धा बारनिशी लिहीत होती.

माझं दुःख त्या गुलाम माणसांच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं, कुणी मला शिकवू नये. पण त्यांच्याच गोष्टीतलं अजून एक सांगतो. ज्या मागणीला १८३६ मध्ये ६ मतं पडली ती १८६२ मध्ये त्याच सिनेटनं मान्य केली, १६ एप्रिलला लिंकननं सही केली आणि वॉशिंग्टनमधली सुमारे ३,१०० माणसं सुटली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, माणशी सरासरी ३०० डॉलरपर्यंत. ज्यांनी राबून हाडं झिजवली त्यांना नाही. हे सांगताना वर्गात माझा आवाज चढायचा. पण ती भरपाई घ्यायला मालकाला अर्ज करावा लागला आणि त्यात प्रत्येक माणसाचं नाव, वय, वर्णन लिहावं लागलं. मालकानं अर्ज केला नाही तर त्या माणसानं स्वतः करावा अशी सोय पण त्याच जुलैत झाली. ते अर्ज आजही आहेत. नातवंडं-पतवंडं त्यात आपली माणसं शोधतात. आणि माझ्या बायकोची तीन वर्षं, १९९४ ची, काल-परवाची, सापडत नाहीत!

आपल्याकडे काही कायदे नाहीत असं नाही, उलट खंडीभर आहेत. २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, कामाच्या सात दिवसांच्या वर फाईल एका टेबलावर राहता कामा नये. माहिती अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर. लोकसेवा हक्क कायदा आहे २०१५ चा. माहिती अधिकारात मी विचारलं तर ३४ व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही". आढळून येत नाही! कुणी शोधला, कुठल्या कपाटात शोधला, शेवटी कुणाच्या ताब्यात होता, काही नाही. पोर्टलवर तक्रार टाकली तर दोन दिवसांत मेसेज आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया समाधानाचे स्टार द्या. मी ७१ वर्षांचा माणूस, स्टार कुठे दाबू?

आणि हे एका ऑफिसचं नाही, एका पक्षाचं तर नाहीच. मागच्या सरकारातही मी असाच उभा होतो, तेव्हा खिडकीवर दुसरी मुलगी होती. आपल्यालाही वरचं सभागृह आहे, विधान परिषद, ७८ जागा, त्यातल्या ७ खास शिक्षकांच्या. मी आयुष्यभर शिक्षक मतदारसंघात मतदान केलं, आधी रांगेत उभं राहून नाव नोंदवलं, पसंतीक्रम लिहून मत दिलं. इलेक्शनच्या महिन्यात दिवसाला चार फोन येतात, गुरुजी कसे आहात. नंतर? सगळं सरकार आता दरबार भरवतंय. दरबार राजाचा असतो साहेब. राजाच्या दरबारात माणूस हात जोडून उभा राहतो, मर्जी असेल तर मिळतं. लोकशाहीत अर्ज असतो, त्याला नंबर असतो. तुमच्या दरबाराचे फोटो मात्र त्याच संध्याकाळी आले, माझ्या खांद्यावर तुमचा हात, खाली लिहिलंय "ज्येष्ठांच्या समस्या जागेवर सोडवल्या". तो फोटो मी डाऊनलोड करून ठेवलाय. माझ्याकडे पोच म्हणून तेवढाच आहे.

जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं, हे मी पंचवीस वर्षं शिकवलं. त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनला निवेदन दिलं की गोरगरिबांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, खेड्यात शाळा काढा, चांगले मास्तर नेमा, त्यांना पगार नीट द्या. परक्या सरकारला दिलेलं निवेदन. त्या सरकारनं ते सगळं ऐकलं का, नाही ऐकलं. पण नोंद करून छापलं, म्हणून आपण आज ते वाचतो. माझी बायको नदी ओलांडून ज्या शाळेत जायची ती शाळा त्या निवेदनातलीच होती, दुसरी कुठली नाही. आणि त्याच निवेदनातला मास्तरांचा पगार तुमच्याकडे अडकलाय.

मागणी फार नाही. अर्ज या पत्रासोबत परत जोडलाय. त्याला आवक नंबर द्या, तारीख टाका. तो कुणाच्या टेबलावर आहे त्याचं पद लिहून कळवा. १९९४ ते १९९७ चा शेरा मारायचा असेल तर हजेरीपत्रकावरून मारा, मारायचा नसेल तर "देता येत नाही" असं कारणासकट लिहा आणि खाली ज्यानं ठरवलं त्याची सही घ्या. आशीर्वाद नको, खांद्यावर हात नको, मला फोन पण करू नका. कागद पाठवा.

येत्या सोमवारी मी परत पहिल्या गाडीनं येतोय, त्याच खिडकीवर.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक

ता.क. : सोबत तीन वर्षांच्या हजेरीपत्रकाची झेरॉक्स आहे, ८६ पानं, प्रत्येक पानावर बाईंची सही. ओरिजिनल मागू नका. ते माझ्याजवळ आहे, तिच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ते मी कुणाच्याही टेबलावर ठेवणार नाही. बघायचं असेल तर माझ्यासमोर बघा.