बल्ब बदलायच्या आधी व्होल्ट मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रात्रीच्या अपघाताची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं, समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशझोतामुळे चालकाला अंदाज आला नाही आणि ताबा सुटला. पुढं मग कुठल्या दवाखान्यात हलवलं, कुठल्या ठाण्यात नोंद झाली. पण तो प्रकाशझोत एवढा डोळ्यात का घुसला ह्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तिथं कापा पण व्होल्टचा भाग तेवढा ठेवा.

मी फुलेवाडीला राहतो, दुकान शहरात आणि गाव कळे गावाच्या पुढं, त्यामुळं गगनबावडा रोडला रात्रीचं जाणं-येणं कायमचंच. गाडी २००६ ची वॅगनआर, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून पुन्हा नोंदवून घेतलीय, इंजिन अजून नाद खुळा आहे. अशा जुन्या गाडीवाल्यांची एकच रड असते की रात्री काय दिसत नाही, आणि त्यावर गल्लीतला प्रत्येकजण एकच औषध सांगतो, भावा एलईडी टाक. दुकानदार पण तेच सांगतो, त्याला धंदा करायचाय, त्याचं काय चुकलं. पण दिसत का नाही हे कुणीच बघत नाही.

आता बघा, ह्या गाड्यांना जो साधा हॅलोजन बल्ब असतो, एच-४ म्हणतात तो, १२ व्होल्टचा आणि ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला (लांब जाणारा झोत) ६० आणि डिपरला (खाली वळवलेला झोत) ५५. त्याचा उजेड कंपनीत मोजतात तो १३.२ व्होल्टवर, अप्परला साधारण १६५० ल्युमेन (उजेड मोजायचं माप) आणि डिपरला १०००. आणि हॅलोजनचं असं असतंय की व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० टक्के कमी होत नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. आणि जुन्या गाडीत व्होल्टेज कमी मिळणार नाही तर काय, बॅटरीतनं निघालेला करंट फ्यूज बॉक्समधनं स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत येतो, तिथनं परत बॉनेटमध्ये जातो, सगळी वायर बारीक, वीस वर्षांची, मधे पाच-सहा कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, आणि अर्थचा, म्हणजे वायर बॉडीला जोडतात तो, नट गंजलेला. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं.

माझ्या गाडीचं हे उद्यमनगरातल्या एका वायरमननं मोजून दाखवलं. इंजिन चालू ठेवून डिपर लावला, बल्बचा कपलर न काढता मागच्या बाजूनं मीटरच्या पिना खुपसल्या. बॅटरीवर १४.१ आणि बल्बवर ११.७. मग डाव्या बाजूचा कपलर काढला तर आतलं प्लास्टिक एका पिनेभोवती तांबूस होऊन वितळल्यासारखं बसलेलं, पिन हिरवी-काळी, नखानं खरवडली तर भुकटी पडायली. ते म्हणाले, काका, बल्ब बिचारा काय करणार, त्याला पोटभर जेवायलाच मिळंना. हिशोब केला तर ११.७ व्होल्टला नवाकोरा बल्ब लावला असता तरी उजेड दोन तृतीयांशच मिळाला असता, आणि मी म्हटलं असतं हा ब्रँडच खराब.

इलाज काय केला, तर डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. बॅटरीवरनं सरळ जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ मधनं बल्बला, आणि जुनी वायर आता फक्त ८५-८६ वर रिलेची कॉइल ओढायचं काम करते, म्हणजे स्विचवर लोडच नाही. फ्यूज बॅटरीच्या जवळच लावायचा, आणि शक्यतो डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा, नाहीतर एक फ्यूज उडाला की घाटात दोन्ही दिवे एकदम गेले म्हणून समजा. अर्थ पण नवा, बॉडी घासून पांढरी करून. तयार हार्नेस, म्हणजे रिले-फ्यूजसकट जोडलेल्या वायरींचे संच, मिळतात, एलईडीच्या बऱ्या जोडीपेक्षा स्वस्त पडतात, पण एक सांगतो, बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत स्विच प्लसला नसतो, अर्थच्या बाजूला असतो, तिथं नेहमीचा हार्नेस आहे तसा जोडला तर भलतंच काहीतरी पेटतं आणि अप्परचा निळा इंडिकेटर चालंना होतो. म्हणून वायरमनला आधी टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगायचं, घाई करणारा वायरमन असला तर दुसरा बघायचा. माझ्या गाडीत हे झाल्यावर बल्बवर १३.५ आले आणि बल्ब मात्र जुनाच होता.

मग बल्ब बदलूच नये काय, तर बदलावा की. हॅलोजन वापरून वापरून मंद होतोच. जास्त उजेडाचे ६०/५५ वॅटचेच बल्ब मिळतात, त्यांची फिलामेंट जास्त तापवलेली असते, त्यामुळं उजेड वाढतो आणि आयुष्य कमी होतं, फुकट काय मिळत नाही. व्होल्टेज ५ टक्के जास्त मिळालं तरी हॅलोजनचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून रिले टाकायच्या आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जास्त चार्ज करत नाही ना तेही बघायचं. निळसर कोटिंगवाले घेऊ नका, कोटिंग उजेड खातं आणि रस्त्यावर पडतो त्यापेक्षा समोरच्याला जास्त टोचतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा काचेवर राहिला की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसायचं. आणि बदलायचे ते जोडीनं.

दुसरी एक जात म्हणजे ९०/१०० वॅटवाले हॅलोजन. लई जणांनी टाकलेत. डिपरला ९० वॅट म्हणजे दोन दिव्यांचे मिळून १५ अँपिअर, आणि हे सगळं त्याच बारीक वायरीतनं नि त्याच स्विचमधनं. स्विच जळतो, होल्डर वितळतो, आतला प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तापून खराब होतो, आणि व्होल्टेज आणखी पडल्यामुळं उजेडही सांगतात तेवढा मिळत नाहीच. रस्त्यावर चालवायला ते कायदेशीरही नाहीत.

आता एलईडी. नव्या गाड्यांना कंपनीतनं येतात त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथं भिंग, रिफ्लेक्टर सगळं त्याच दिव्यासाठी बनवलेलं असतं. तक्रार आहे ती हॅलोजनच्या जुन्या डब्यात एलईडी बल्ब खुपसण्याबद्दल. एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा, आत दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. त्या वाटीमुळं डिपरचा उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथनं खाली रस्त्यावर फेकला जातो, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांच्या खालीच तो कापला जातो. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो, मिलिमीटरचा खेळ आहे. एलईडीच्या पट्टीवर चिप दोन बाजूंना, मधे जाडी, वाटी काही मॉडेलला असते काहींना नावापुरती, तारेची जागा तंतोतंत जुळणं अवघड. मग उजेड झाडांवर, वडापच्या (प्रवासी जीपच्या) काचेत, समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात, सगळीकडं. एचआयडी किटचं, म्हणजे तारेऐवजी गॅसवर पेटणाऱ्या झेनॉन दिव्याचं, तर विचारूच नका, ३५ वॅटमध्ये तीन हजारावर ल्युमेन, ते उघड्या रिफ्लेक्टरमध्ये टाकायचं म्हणजे समोरच्याला आंधळाच करायचं.

लोक म्हणतात, पण आम्हाला तर चांगलं दिसतं की. दिसतं कुठं, तर गाडीच्या नाकासमोर दहा-पंधरा मीटर पांढराशुभ्र उजेड पडतो आणि डोळा त्या उजेडाला सरावतो, मग लांबचं उलट कमी दिसतं, आणि वेळेत ब्रेक मारायचा तर लांबचंच दिसायला पाहिजे. त्यात आपला पाऊस. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढं घसरून जातो, आपल्याकडं परत येतच नाही, तो जातो समोरच्याच्या काचेवर. करूळ घाटात, आंबा घाटात धुक्यात तर पुढं नुसती पांढरी भिंत. आणि एलईडीच्या मागं पंखा नाहीतर हीटसिंक असतो, त्यामुळं हेडलाइटच्या मागचं रबर बसत नाही, ते काढून टाकतात नाहीतर ब्लेडनं कापतात, एका पावसाळ्यात आत पाणी, वाफ, आणि रिफ्लेक्टरची चकाकी गेली की परत हॅलोजन टाकला तरी उपयोग नाही.

काचेचंही बघायला पाहिजे. जुन्या मारुती ८०० ला खरी काच होती, नुसती धुतली तरी भागायचं. त्यानंतरच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, आलं आणि ते उन्हानं पिवळं पडतं. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, आधी ८०० नंबरचा मग १५०० मग २०००, नंतर पॉलिश, पण वरनं यूव्हीचं कोटिंग केलं नाही तर थोड्याच महिन्यांत होतं तसं. टूथपेस्टवाले व्हिडिओ बघून लोक घासत बसतात, तेवढ्यापुरतं चमकतं.

आणि सगळं केलं तरी फोकस सेट केला नाही तर मुसळ केरात. बंपर कधी रिपेअर झालेला असतो, स्प्रिंगा बसलेल्या असतात, कुणीतरी मागं स्क्रू फिरवलेला असतो. सपाट जागा बघायची, भिंतीपासून गाडी ५ मीटरवर, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारायची आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्याच्या खाली ६ सेंटीमीटरच्या आसपास आणायची. आपण डावीकडनं चालतो म्हणून कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली दिसायला पाहिजे, साईडपट्टीवरची माणसं त्यातच दिसतात. उजवीकडं चढलेली दिसली तर तो दिवाच परदेशी रस्त्यांचा आहे, परत द्या. ह्या सगळ्याला स्क्रू ड्रायव्हर आणि खडू सोडून काही लागत नाही, पण गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिली की हे कुणी आपणहून करत नाही, सांगायला लागतं.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत १८२-अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा, कुणाचे डोळे दिपू नयेत असं स्पष्ट लिहिलंय. दिवसा नंबर प्लेट आणि सायलेन्सर बघून पावत्या फाडतात, त्या फाडाव्यातच, पण हेडलाइट रात्रीच कळणार ना, आणि रात्री मीटर घेऊन कोण उभं राहतंय.

त्यात आता गळीत हंगाम. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, पुढं एकच दिवा चालू, लांबनं मोटरसायकलच वाटते, आणि मागं ना लाल दिवा ना रेडियम. समोरनं एलईडीवाला येतोय, त्याच्या झोतात चार-पाच सेकंद काही दिसत नाही, आणि त्याच चार-पाच सेकंदांत ट्रॉलीचा मागचा ऊस तुमच्या बॉनेटवर. साठीच्या पुढच्या माणसाला तर दिपलेले डोळे परत सावरायला आणखी वेळ लागतो, मोतीबिंदू असला तर बोलायलाच नको. ट्रॅक्टरवाल्यांना सगळे शिव्या देतात, मी पण देतो, पण अर्धा दोष समोरच्या झोताचा असतो.

तर मागणी अशी. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना होतो, चौकात गुलाबाचं फूल देतात, हेल्मेटची रॅली निघते, पण तोपर्यंत निम्मा हंगाम संपलेला असतो. त्यापेक्षा कारखान्याची धुराडी पेटायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आरटीओनं उद्यमनगरातले वायरमन बरोबर घेऊन फुलेवाडी नाका, कावळा नाका आणि शिरोली फाट्याला संध्याकाळी फोकस तपासणी ठेवावी, पहिल्या वेळी दंड नको, तिथंच स्क्रू फिरवून द्यावा आणि ट्रॉलीला रेडियमही चिकटवावं. दुसऱ्यांदा तोच सापडला तर मग खुशाल पावती करा. आणि पीयूसी काढायला प्रत्येक गाडी जातेच, तिथल्या भिंतीवर दोन रेघा मारून ठेवायला आरटीओनं सांगितलं तर धूर बघता बघता दिवाही बघून होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर