तयार घर आणा, पण ऊन अथणीचे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळवंटातील ‘प्रीफॅब’ घरांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. बेळगाव जिल्ह्यातील अथणी-रायबागच्या माळावर शेतघर म्हणून अशी तयार घरे आणून बसवलेली आता दिसू लागली आहेत, त्यामुळे विषय वेळेवर आला. मात्र लेखातील छायाचित्रांत काचेची देखणी घडण डोळ्यांत भरते आणि ते घर उन्हात निभावते कशाच्या बळावर, हे मागे राहते. म्हणून हे पत्र.

कॅलिफोर्नियातील डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज येथे मार्मोल रॅडझायनर या वास्तुसंस्थेने २००५ मध्ये उभारलेले ‘डेझर्ट हाऊस’ हे या प्रकारातील गाजलेले उदाहरण. त्याच्या पोलादी चौकटी कारखान्यात तयार होऊन ट्रकने जागेवर आल्या, हे खरे. पण तेथील राहणे सुसह्य होते ते भिंतींपुढे लांबवर काढलेल्या छपरामुळे आणि सावलीतल्या प्रशस्त पडव्यांमुळे. ही योजना वगळून नुसता सांगाडा आणला, तर पत्र्याची खोलीच पदरी पडते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात ज्या पूरग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, त्यांना अशी खोली दुपारी कशी तापते हे वेगळे सांगायला नको.

जैसलमेरच्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती दिवसाची उष्णता आत पोचू देण्यास वेळ लावतात, तोवर रात्रीचा गारवा सुरू होतो. तयार घरांतील पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली भिंत हलकी असते. ती उष्णता अडवते, साठवत मात्र नाही. म्हणून अशा घरात फरशी तरी जड, दगडाची किंवा काँक्रीटची हवी, आणि रात्री वारा खेळेल अशा समोरासमोर खिडक्या हव्यात. दुसरी उणीव सांध्यांत असते. एप्रिलमधल्या दुपारी अशा एका शेतघरात पाहिले, तर पॅनेल आतून जेमतेम कोमट होते. पण जिथे लोखंडी चौकट बाहेरून आत आरपार आली होती, तिथे हात ठेववत नव्हता. बाहेरचे व आतले लोखंड एकमेकांना भिडू न देता मध्ये उष्णतारोधक पट्टी घालणे हे काम खर्चाचे कमी आणि काळजीचे जास्त आहे, आणि नेमके तेच गाळले जाते.

या पद्धतीचा खरा लाभ पाण्यात आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. जिथे उन्हाळ्यात प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे भिंतींसाठी टँकर मागवणे किती जड जाते, हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक. बोल्टने जुळवलेल्या चौकटी-पॅनेलच्या घराला पाणी लागते ते मुख्यतः पायापुरते. राजस्थानात छपरावरचे पावसाचे पाणी घराजवळच्या टाक्यात साठवतात. ती सोय आराखड्यातच धरली, तर हे घर खऱ्या अर्थाने टिकाऊ म्हणता येईल.

आपल्या एकाच जिल्ह्यात अथणीकडे पांढऱ्या मातीची माळवदे आणि खानापूरकडे उतरती कौले होती, कारण एकीकडे ऊन सोसायचे होते आणि दुसरीकडे कणकुंबीचा पाऊस. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या ‘लाइट हाऊस’ या गृहनिर्माण प्रकल्पांत सहा शहरांसाठी सहा निरनिराळी तंत्रे निवडली. इंदूरला सँडविच पॅनेल, तर आगरतळ्याला हलकी पोलादी चौकट. असे असताना अथणी आणि खानापूर या दोन्ही ठिकाणी एकाच कॅटलॉगमधील घर उभे करणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व फॅब्रिकेशनच्या कारागिरांना अशी चौकट आणि तिचे सांधे घडवणे मुळीच अवघड नाही. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांना सोबत घेऊन अथणी तालुक्यात एक नमुना घर उभारावे, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आणि पहाटे त्याच्या आतले तापमान शेजारच्या माळवदी घराशी ताडून पाहावे, आणि ते आकडे आपल्या दैनिकाने मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषिक वाचकांच्या उपयोगासाठी छापावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, चिकोडी (जि. बेळगाव)