बाबा, तुमचा नकाशा भिंतीवर लावलाय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, छोटीच्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी तुम्ही पाठवलेला नकाशा मिळाला. आलेखाच्या कागदावर प्रत्येक वळण कंपासनं काढलेलं, बोगद्याच्या तोंडावर दगडसुद्धा रेखलेले. छोटीनं तो पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवलाय आणि रोज झोपण्यापूर्वी त्यावरून बोटानं गाडी नेते. म्हणूनच हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. नकाशातला पूल, बोगदा आणि गाडी उलट फिरवणारा वेढा, हे तिन्ही तिच्या पहिल्या मांडणीत नकोत असं माझं ठाम मत झालंय. ते मत फोनवर घाईत सांगायचं नव्हतं, कारणांसकट सांगायचं होतं.

आधी मागच्या रविवारी काय झालं ते सांगते. शेजारच्यांचा एक जुना संच दोन दिवसांसाठी आणला होता. पहिली चूक म्हणजे तो सतरंजीवर मांडला. अर्ध्या तासात सतरंजीचे धागे इंजिनाच्या आसाभोवती गुंडाळले गेले, चिमट्यानं एकेक ओढून काढावे लागले. मग फरशीवर मांडला. गाडी गोल गोल धावू लागली. छोटीनं दहा-बारा फेऱ्या बघितल्या आणि उठून गेली. मला फार वाईट वाटलं, कारण तिच्यापेक्षा मीच या दिवसाची जास्त वाट बघत होते.

तेवढ्यात शेवटच्या वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, आकडा सुटला. इंजिन पुढे निघून गेलं, वाघीण वळणावर एकटीच उभी. छोटी धावत परत आली. "थांबव! ती मागे राहिली!" मग इंजिन उलटं आणून ती वाघीण जोडायची खटपट सुरू झाली. पहिल्यांदा वेग इतका की वाघीण रुळावरून खाली. दुसऱ्यांदा इंजिन अलीकडेच थांबलं. बटण केसभर फिरवून, श्वास रोखून तिनं आकड्याला आकडा लावला तेव्हा वीस मिनिटं गेली होती. त्यानंतर झोपेपर्यंत ती मुद्दाम वाघिणी सोडत होती आणि परत आणत होती.

बाबा, त्या दिवसापासून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्या गाडीला धावायला देखावा नको, काम हवं. आणि ते काम तिला एकटीला, कोणाला हाक न मारता करता यायला हवं.

आता पुलाचं. वरचा रूळ खालच्या गाडीला न घासता जायचा तर तो साधारण ८ सेंटिमीटर उंच हवा. छोट्या इंजिनाला ३ टक्क्यांहून जास्त चढ नको, म्हणजे नुसतं चढायलाच २ मीटर ६६ सेंटिमीटर लांबी लागते आणि उतरायला तेवढीच. सगळी मिळून सव्वापाच मीटरच्या वर. आपल्या फळीवर मावणाऱ्या अख्ख्या गोलाची लांबी सव्वाचार मीटर आहे. मी दोनदा मोजलं. चढ आणखी कडक केला तर पूल बसेल, पण मग दोन वाघिणी ओढताना चाकं जागच्या जागी फिरतील आणि तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

वेढ्याची अडचण विजेची आहे. दोन रुळांपैकी एक धन, एक ऋण. गाडी वेढा घेऊन त्याच वाटेवर परत येते तेव्हा डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होतं. तेवढा तुकडा दोन्ही टोकांना तोडून, वेगळा स्विच लावून ते जमवता येतं, तुम्हाला तर सहज येईल. पण सात वर्षांच्या मुलीनं प्रत्येक फेरीला तो स्विच लक्षात ठेवायचा, हे नको. बोगदा मात्र पुढे करूच. फक्त तो तिच्या हातापेक्षा आखूड आणि वर उचलून काढता येणारा हवा, कारण गाडी घसरायची ती नेमकी आतच घसरते.

मापाबद्दल तुम्ही विचारलं होतंत. मी एचओ नावाचं माप ठरवलंय, खऱ्या रेल्वेच्या १:८७. जगात सर्वांत जास्त वापरात असलेल्या मापात खऱ्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, त्याचं इथे साडेसोळा होतं. एन माप आणखी लहान, १:१६० आणि ९ मिलिमीटरचा रूळ. त्यात तीच रेल्वे जवळपास एक-तृतीयांश जागेत बसते, आणि जागेचा विचार करता मलाही मोह झाला होता. पण ती चाकं रुळावर ठेवणं छोटीच्या बोटांना अवघड आहे आणि बाबा, अलीकडे तुमच्याही बोटांना अवघड जाईल. तुम्ही दोघं मिळून खेळणार आहात, तेव्हा मोठं मापच बरं.

फळी १२२ बाय १८३ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या ४६ सेंटिमीटर, म्हणजे रुंदीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा उरते. एवढ्या आवळ वळणावर तुम्हाला हवी तशी लांब डब्यांची प्रवासी गाडी चांगली चालणार नाही. २६ मीटरचा डबा या मापात ३० सेंटिमीटरचा होतो आणि वळणावर बाहेर लटकतो. चार चाकी आखूड वाघिणी आणि डबे जोडण्या-सोडण्याचं (शंटिंगचं) एक लहान इंजिन, बस्स.

छोटीला काठाशी उभं करून मी तिची पोच मोजली. दोन बोटांनी वाघीण उचलता येईल अशी ती ४६ सेंटिमीटर भरली. फळीचा मध्य काठापासून ६१ सेंटिमीटरवर आहे. म्हणून सगळे सांधे (गाडीची वाट बदलणारे) आणि त्यांतून निघणारे फाटे पुढच्या काठापासून ४० सेंटिमीटरच्या आत, आणि मध्ये फक्त घरं-झाडं. मागच्या रुळावर गाडी घसरली तर तिला पलीकडे जाता यावं म्हणून टेबलाला चाकं, ब्रेक लागणारी.

सांधे तीन. एकानं गोलातून आत शिरायचं, उरलेल्या दोघांनी तीन फाटे. एकावर तीन वाघिणी मावतील, बाकीच्यांवर दोन-दोन. मग पाच वाघिणींच्या पाच चिठ्ठ्या करायच्या, तीन उचलायच्या, आणि त्याच क्रमानं गाडी जोडून द्यायची. ऍलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थांचा हा खेळ. त्यांच्या मूळ मांडणीत आठ वाघिणींतून पाचांची गाडी, म्हणजे ६७२० वेगवेगळे क्रम. आपल्या लहान रूपात ६० होतात, आणि हे साठ कसे आले ते तिला चिठ्ठ्यांवरूनच दाखवता येईल. बाबा, हे काम मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय. तुम्ही स्टेशन मास्तर, ती सांधेवाली.

रूळ खडीच्या प्लॅस्टिक पायासकट येतात तेच घेतेय, टकटक जोडता येणारे. एका कंपनीचे दुसऱ्याला लागत नाहीत, म्हणून सगळे एकाच ठिकाणचे. निदान सहा महिने एकही रूळ खिळ्यानं किंवा गोंदानं पक्का करायचा नाही. मांडणी तिला मोडून बघू दे. मेर्कलिन या जर्मन खेळण्यांच्या कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत गाड्या दाखवल्या तेव्हापासून ही कल्पना आहे: थोड्यापासून सुरुवात करायची आणि ठरलेल्या मापात पुढे जोडत जायचं.

आई, तुझ्या दोन काळज्या. रुळात फार तर १२ व्होल्ट येतात, हात लागला तरी झटका बसत नाही. भिंतीतल्या प्लगला जोडायचा ट्रान्सफॉर्मर टेबलाच्या खाली, मोठ्यांच्या ताब्यात. आणि धाकटा अजून सगळं तोंडात घालतो, म्हणून खेळ संपला की वाघिणी झाकणाच्या डब्यात, डबा कपाटावर. याला अपवाद नाही.

बाबा, लहानपणी चावीची गाडी होती ना, तिला चावी तुम्ही द्यायचात, कारण स्प्रिंग तुटेल. ते बरोबरच होतं, तसली गाडी दुसरी मिळणार नव्हती. पण मी किती वेळ तुमच्या हाताकडे बघत बसायचे ते मला अजून आठवतं. हे इंजिन छोटीच्या हातून एकदा पडेल. पडू दे.

टेबल तुम्हीच करा, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. जाड प्लायवुड, खाली आडव्या पट्ट्या, आणि रूळ जोडल्यावर प्रत्येक जोडावरून बोट फिरवून बघायचं. बोटाला लागलं तर चाकालाही लागणार. फक्त पायांची उंची अजून ठरलेली नाही. छोटीचं कोपर उभं राहिल्यावर ७० सेंटिमीटरवर येतं. तुमचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, तेव्हा तुम्ही खुर्चीत बसूनच खेळणार. आई, बाबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसव आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजून कळव. त्यांना विचारू नकोस, ते दोन सेंटिमीटर वाढवून सांगतील.

तुमची,
ताई