इको रूममधल्या ताई, तुमचे मनापासून आभार

ताई, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, पण रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलात दर दोन मिनिटांनी "मले काही होणार नाही नं वो?" विचारणारी आजी म्हटलं की तुम्ही ओळखालच. मी तिचा मुलगा.

आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, ट्रेडमिलवर चालणं शक्यच नाही, म्हणून डॉक्टरांनी डोब्युटामिन स्ट्रेस इको लिहून दिली. म्हणजे चालून जी धडधड व्हायची ती औषधानं करायची आणि तेव्हा हृदयाच्या भिंती नीट हलतात का ते सोनोग्राफीसारखं बघायचं. हे ऐकल्यापासून आईचं एकच, "चांगल्या माणसाले औषध देऊन कायले धडधड लावता बाप्पा". घरी येणारा जाणारा जो तो म्हणे काही होत नाही, साधी टेस्ट आहे, आणि ती अजूनच घाबरून राहिली होती.

टेस्टच्या दोन दिवस आधी तुमचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं. बीपीच्या गोळ्या कोणत्या ते नावानिशी विचारलं, मेटोप्रोलॉल म्हटल्याबरोबर म्हणालात की त्या गोळीनं पल्स वाढत नाही, टेस्ट अर्धवट राहते, पण मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. विचारलं, त्यांनी किती दिवस थांबवायची ते सांगितलं. टेस्टच्या ४ तास आधीपासून खाणं बंद, सैल ब्लाउज, सोबत एक माणूस, सगळं त्याच फोनवर.

आणि टेबलवर झोपवल्यावर तुम्ही आईला "काही होणार नाही" म्हटलंच नाही! तुम्ही म्हणालात, होईल आजी, धडधडेल, हात थरथरतील, डोकं जड वाटेल, मळमळेल कदाचित, आणि ते झालं म्हणजे औषध लागू पडलं. पण छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर लाजू नका, लगेच बोला. कोपऱ्यातल्या शॉकच्या मशीनकडे आई टक लावून बघत होती तर तेही लपवलं नाही, क्वचित ठोके बिघडतात म्हणून ते आणि डॉक्टर दोघंही इथेच असतात असं सरळ सांगितलं. माझ्या मते आई शांत झाली ती इथे.

डाव्या कुशीवर वळवताना दोन गुडघ्यांच्या मध्ये तुम्ही उशी घडी करून सरकवली, ती कोणी सांगितली नव्हती. मग दर ३ मिनिटांनी डोस वाढवायच्या आधी "आजी, आता वाढवतोय बरं" म्हणायचं, बीपीचा पट्टा फुगायचा, डॉक्टर बरगड्यांमध्ये तो जेलीवाला प्रोब दाबून फोटो घ्यायचे. आईचं वय ६७, २२० मधून वजा केले की १५३, म्हणजे त्या वयाला धरतात ती जास्तीत जास्त पल्स, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १३० पर्यंत पल्स न्यायची होती, ती ११८ ला अडकली तेव्हा पल्स वाढवायला अ‍ॅट्रोपिन नावाचं दुसरं औषध दिलं आणि तेव्हाही आधी बोललात की आता तोंड कोरडं पडेल. पडलं. आई म्हणते, "हे तं पोरगी बोलली होतीच". औषध बंद केल्यावर धडधड हळूहळू उतरली, त्याचा असर दोनचार मिनिटांत निम्म्यावर येतो म्हणे, तरी पल्स जागेवर येईपर्यंत तुम्ही सुई काढली नाही आणि तिला उठूही दिलं नाही. उठल्यावर तिचा पहिला प्रश्न, इथे जवळपास तर्री पोहे कुठं भेटतात 😄 (डॉक्टरांनी तर्री नको म्हटलं, पोहे झाले.)

रिपोर्ट ठीक आला, पण ठीक आला नसता तरी हे पत्र लिहिलंच असतं.

अजून एक. आमच्या शेजारच्या काकूंना आता अ‍ॅडेनोसिनवाली थॅलियम टेस्ट सांगितली आहे, म्हणजे अ‍ॅडेनोसिन हे औषध देऊन हृदयाचा रक्तपुरवठा स्कॅनवर बघायचा. तुम्ही जाता जाता सांगितलं होतं की त्यात चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद, नाहीतर औषध नीट काम करत नाही, आणि दमा असेल तर ते आधी सांगायलाच पाहिजे. काकूंना दमा आहे आणि त्या कोणाला बोलल्याच नव्हत्या. काल त्यांच्याकडून डॉक्टरांना फोन करवून घेतला, आता कोणती टेस्ट करायची ते डॉक्टर ठरवून राहिले. हे आभार काकूंच्या वतीनं वेगळे.